आरसी बगीच्या चाकाचा गोल झालेला स्क्रू कसा काढावा आणि गेलेले आटे कसे सावरावेत

रिमोटवर धावणाऱ्या रेसिंग बगीचे चाक काढायला बसावे, अ‍ॅलन की (षट्कोनी टोकाची चावी) स्क्रूच्या खाचेत घालून जोर लावावा आणि की गरकन फिरूनही स्क्रू जागचा हलू नये, हा अनुभव या छंदातल्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी पहिल्याच घसरणीला हात थांबवावा. की घसरली म्हणजे खाचेच्या कोपऱ्यातले थोडे धातू खरवडले गेले आहे. आणखी चार वेळा जोर लावला तर राहिलेले कोपरेही जातात आणि पाच मिनिटांचे काम अर्ध्या दिवसाचे होते.

नेमके काय गेले आहे ते आधी ओळखा

सर्व बग्यांमध्ये चाक एकाच पद्धतीने बसवलेले नसते. १/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या, बगीत साधारणपणे एक्सलमधून, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यातून, आडवी पिन जाते, तिच्यावर १२ मिमीचा षट्कोनी हब, म्हणजे चाकाला धरणारा तुकडा, बसतो आणि बाहेरून एम४ चा (म्हणजे ४ मिमी व्यासाच्या आट्यांचा) नायलॉनवाला लॉकनट चाक धरून ठेवतो. १/८ मापात हब १७ मिमीचा असतो, नट मोठा आणि बारीक आट्यांचा असतो, आणि हबमधली पिन बहुधा ग्रब स्क्रूने, म्हणजे डोके नसलेल्या स्क्रूने, अडकवलेली असते. काही लहान गाड्यांत एक्सलच्या टोकात थेट स्क्रूच जातो.

की फिरते पण स्क्रू फिरत नाही, तेव्हा खाच गोल झालेली असते. स्क्रू फिरतच राहतो, पण घट्टही होत नाही आणि बाहेरही येत नाही, तेव्हा आटे गेलेले असतात. तिसरा प्रकार फसवा आहे: टायर घट्ट धरूनही नटासोबत एक्सलच फिरू लागतो. याचा अर्थ नट एक्सलवर जाम झाला आहे आणि प्लास्टिकच्या रिमच्या आतली षट्कोनी जागा झिजल्यामुळे टायर धरून एक्सल धरला जात नाही. अशा वेळी एक्सलचा आतल्या बाजूचा जाड भाग कापडात गुंडाळून पकडीने धरावा आणि मग नट सोडवावा.

तयारी

बॅटरी काढून बाजूला ठेवा. नायट्रो इंजिनाची बगी असेल तर टाकीतले इंधन पूर्ण रिकामे करा, कारण त्यात मिथेनॉल असते आणि पुढे उष्णता वापरावी लागणार आहे. शक्य असेल तर हबचा संपूर्ण भाग गाडीपासून सोडवून टेबलावर घ्या. बेअरिंगवर मास्किंग टेप चिकटवा. एकदा मी हा टेप लावण्याचा कंटाळा केला. ड्रिलचा कीस आत गेला आणि स्क्रूसोबत बेअरिंगही बदलावे लागले.

आता सुईच्या टोकाने खाचेतला चिखल उकरून काढा आणि टॉर्च तिरकी धरून आत पाहा. शाबूत खाचेचे सहा कोपरे काळे आणि स्पष्ट दिसतात. खरवडलेल्या जागी चंद्रकोरीसारखी चांदीची चमक दिसते. कित्येकदा खाच ठीक असते, पण तळाशी वाळलेल्या मातीमुळे की अर्धीच आत जात असते.

मापही तपासून घ्या. एम३ च्या गोल डोक्याच्या स्क्रूला २ मिमीची की लागते, एम३ च्याच उभ्या नळकांडी डोक्याला २.५ मिमीची, ग्रब स्क्रू एम३ असेल तर १.५, एम४ असेल तर २ आणि एम५ असेल तर २.५ मिमीची. येथे एक जुना घोटाळा होतो. ५/६४ इंचाची की १.९८ मिमी भरते, त्यामुळे ती २ मिमीच्या खाचेत सहज बसते, काही दिवस काम करते आणि हळूहळू कोपरे खाते. गोळ्यासारख्या टोकाची की तिरक्या कोनातून फिरवायला सोयीची असली, तरी तिचा स्पर्श कमी जागेवर होतो. म्हणून जाम स्क्रू तिने कधीही उचकटू नये.

गोल झालेला स्क्रू काढणे

सुरुवात उष्णतेने करावी, कारण धातूच्या हबमधला स्क्रू बहुधा थ्रेडलॉकने, म्हणजे आट्यांना लावायच्या चिकट द्रवाने, धरलेला असतो. तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवून ठेवा. निळा थ्रेडलॉक साध्या हत्यारांनीही सुटतो, उष्णतेने तो आणखी लवकर सैल होतो. लाल मात्र सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय दाद देत नाही. स्क्रू गरम असतानाच फिरवायचा, निवल्यावर नव्हे. हब प्लास्टिकचा असेल तर ही पायरी गाळा. उघडी ज्योत कुठेच वापरू नका, कारण शेजारी रबर, ग्रीस आणि नायलॉन असते.

त्यानंतर नवी किंवा टोक घासून सपाट केलेली की घ्या. जुन्या कीचे झिजलेले टोक मिलिमीटरभर कापले की पुन्हा धारदार कोपरे मिळतात. की पूर्ण तळापर्यंत बसवा, स्क्रूच्या रेषेत सरळ दाबून धरा आणि आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने झटका देऊन मग उलट फिरवा. खाचेत रबरबँड घालण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. मोठ्या स्क्रूला तो चालत असेल, पण २ मिमीच्या खाचेत रबर की तळापर्यंत जाऊच देत नाही.

एवढ्याने भागले नाही तर टॉर्क्स बिटाचा उपाय करावा, आणि माझ्या मते बहुतेक प्रसंगी येथेच काम संपते. गोल झालेल्या खाचेत हाताने न शिरणारे, पण जेमतेम मोठे असलेले सहा पाकळ्यांचे बिट निवडा. हब खालून लाकडाच्या तुकड्यावर टेकवा, नाहीतर हातोडीचा मार बेअरिंगला बसतो. हलक्या हातोडीने बिट आत ठोका. आवाज बोथट असेपर्यंत ते शिरत असते, आवाज टणक झाला की तळ लागला असे समजावे. मग टी-आकाराच्या मुठीने, दाब न सोडता, सावकाश फिरवा. स्क्रू सुटतो तेव्हा ‘टक्’ असा लहानसा धक्का हाताला जाणवतो.

डोके बाहेर असलेल्या स्क्रूला आणखी एक मार्ग आहे: रोटरी हत्याराच्या कापणाऱ्या चकतीने डोक्यावर आडवी खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर लावणे. डोळ्यांवर संरक्षक चष्मा घातल्याशिवाय ती चकती सुरू करू नका.

शेवटचा उपाय ड्रिलचा. एम३ स्क्रूच्या डोक्यात ३ मिमीच्या बिटाने मधोमध भोक पाडत गेल्यास डोके सुटून येते, चाक निघते, आणि ताण संपल्यामुळे उरलेला दांडा पुष्कळदा लॉकिंग पकडीने सहज फिरतो. ग्रब स्क्रू मात्र कठीण पोलादाचा असतो. त्याला कोबाल्टचे बिट, मंद वेग आणि तेलाचा थेंब हवा. उलट्या आट्यांचे ड्रिल बिट मिळाल्यास फार उत्तम, कारण ते कापता कापताच स्क्रू सोडवते. तरीही अर्धा तास त्यावर घालवण्याआधी नव्या हबचा विचार करा. तो भाग झिजण्यासाठीच असतो.

आटे गेले असतील तर

प्लास्टिकच्या भागात जागा असेल तर आधी २ मिमी अधिक लांबीचा स्क्रू लावून पाहा, कारण तळाशी न वापरलेले प्लास्टिक असते. नसेल तर भोकात पातळ सुपरग्लू सोडून पूर्ण वाळू द्या आणि मग स्क्रू सावकाश फिरवून नवे आटे पाडा.

धातूच्या हबमध्ये आटे थोडेच चेपले असतील तर त्याच मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडणारे हत्यार, फिरवणे पुरते: एम३ ला ०.५, एम४ ला ०.७ मिमी पिच (दोन आट्यांमधले अंतर). पूर्णच गेले असतील तर एम४ चे भोक ४.२ मिमी ड्रिल करून एम५ चा टॅप मारता येतो. मात्र भोकाभोवती पुरेशी जाडी उरते का, हे आधी मोजावे. एक्सलच्या बाहेरच्या आट्यांवर डाय, म्हणजे दांड्यावर आटे पाडणारे हत्यार, फिरवा. निम्म्याहून अधिक आटे सपाट झाले असतील तर एक्सल बदलणेच शहाणपणाचे, कारण भर वेगात सुटलेले चाक कोणाच्याही पायावर आदळू शकते.

पुन्हा बसवताना

काढलेला स्क्रू टाकून द्या. नायलॉनचा लॉकनट बोटांनी शेवटपर्यंत फिरत असेल तर तोही टाका. नवा स्क्रू आणि आटे आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून वाळवा आणि निळ्या थ्रेडलॉकचा एकच थेंब लावा. हा द्रव हवेच्या अभावी आणि धातूच्या संपर्काने घट्ट होतो, म्हणून प्लास्टिकमध्ये त्याचा उपयोग नाही. उलट काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. ग्रब स्क्रू पिनच्या किंवा एक्सलच्या सपाट भागावर नेमका टेकला आहे, याची खात्री करा.

चाकाचा नट लावताना तो आधी उलट्या दिशेने फिरवा; आटे एकमेकांत बसल्याचा हलका धक्का जाणवला की मगच सरळ फिरवा, म्हणजे तो तिरका चढत नाही. थ्रेडलॉक पूर्ण पक्का होण्यासाठी २४ तास द्या आणि पहिली पाच मिनिटे गाडी चालवून झाली की चारही चाके हाताने हलवून पाहा.