मानपत्र लिहायचं काम तुमच्या टेबलावर आलं तर

दीक्षान्त समारंभाला तीन आठवडे उरलेले असताना एखाद्या दुपारी साहेब बोलावतात आणि म्हणतात, "तुमचं मराठी चांगलं आहे ना, मग दोन पानं काहीतरी लिहून टाका." त्या 'काहीतरी'ला मानपत्र म्हणतात. विद्यापीठाच्या पदवीदान कक्षात मी एकवीस वर्षं काढली. सहायक कुलसचिव म्हणून निवृत्त होईपर्यंत मानद पदव्या आणि उत्कृष्ट शिक्षक पुरस्कार मिळून साठेक मानपत्रं माझ्या हातून गेली. पहिली दहा अगदीच टाकाऊ होती. ती का टाकाऊ होती हे आता कळतं, म्हणून हा खटाटोप.

लिहायला बसण्याआधी नस्ती, म्हणजे त्या प्रस्तावाची फाइल, मागवा. कुलगुरूंच्या मनात आलं आणि मानद पदवी दिली, असं होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे आधी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, संमती लागते. मग विद्यापीठाचा कारभार पाहणारी व्यवस्थापन परिषद शिफारस करते आणि अधिसभेत (सिनेटमध्ये) हजर असलेल्यांपैकी किमान दोन तृतीयांश सदस्यांनी ती उचलून धरावी लागते. हा ठराव होईपर्यंत आपण कुणाचं मानपत्र लिहितोय हे घरीसुद्धा बोलू नका. ठराव झाला की त्यातलं पदवीचं नाव अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. डी.लिट. (साहित्य), डी.एस्सी. (विज्ञान) आणि एलएल.डी. (कायदा) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शास्त्रज्ञांना मी मसुद्यात बिनदिक्कत डी.लिट. देऊन टाकली होती. चूक पकडली ती छापखान्यात प्रुफं घेऊन जाणाऱ्या आमच्या शिपाईमामांनी.

एक आडवाट इथेच सांगते. निवृत्तीनंतर मला दोनदा असे फोन आले, की आमच्या संस्थेतर्फे हॉटेलात मानद डॉक्टरेटचा कार्यक्रम आहे, मानपत्रं लिहून द्याल का, पानाला अमुक रुपये. पदवी द्यायचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ हेच सांगतं. असा फोन आला तर हे कलम वाचून दाखवा. पुन्हा येत नाही.

आता बायोडेटा. तो बावीस पानांचा असतो आणि पहिल्या पानावर फोटो असतो. तारखा आणि नावाचं अचूक लेखन एवढ्यापुरता तो वापरा आणि मिटून ठेवा. त्यावरून लिहिलेलं मानपत्र हे बायोडेट्यालाच विशेषणं चिकटवलेलं असतं. व्रतस्थ, ऋषितुल्य, चालतंबोलतं विद्यापीठ, ज्ञानाचा अथांग सागर. हे शब्द मी एका चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवले होते. मसुद्यात त्यातला एक जरी दिसला तरी त्या वाक्याच्या जागी त्या माणसाने केलेलं एक काम लिहायचं, असा स्वतःपुरता दंड.

कसं ते महर्षी कर्व्यांवर करून बघू. त्यांची स्वतःची पदवी गणितातली बी.ए. पुढे १९४२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, १९५१ मध्ये पुणे विद्यापीठाने, १९५४ मध्ये त्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठाने आणि १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाने एलएल.डी. तेव्हा त्यांना नव्याण्णव वर्षं झाली होती. आता 'स्त्रीशिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते, थोर समाजसुधारक' हे लिहायला काहीच कष्ट नाहीत. दुसऱ्या पाचजणांनाही ते चालेल. त्याऐवजी असं लिहा: 'फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावं आणि हिंगण्याच्या आश्रमापर्यंतची वाट पायी तुडवावी, असा आपला दिनक्रम होता.' हे दुसऱ्या कुणालाही चालणार नाही. नाव झाकून वाचलं तरी माणूस ओळखू आला पाहिजे. मसुदा मी घरी यजमानांना नाव झाकूनच वाचून दाखवायचे. "कोण बरं हे?" असं त्यांनी विचारलं की पुन्हा पहिल्यापासून.

लांबीचं म्हणाल, तर कोलंबिया विद्यापीठाने १९५२ मध्ये डॉ. आंबेडकरांना एलएल.डी. दिली, तेव्हाच्या गौरवोल्लेखाचा गाभा एका वाक्यात बसतो: संविधान, मंत्रिमंडळ, समाजसुधारणा, मानवी हक्क. आपल्याकडे चार ओळींत भागवलं तर पाहुण्यांचा अपमान झाला असं वाटतं. तरी अडीचशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. व्यासपीठावरून मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दच नीट वाचले जातात आणि पदक घ्यायला आलेली मुलं सकाळी आठपासून गाऊन घालून बसलेली असतात.

शिक्षक पुरस्काराचं मानपत्र याहून अवघड. मानद पदवीवाल्यांचं काम निदान जगाला दिसलेलं असतं. शिकवणं वर्गात होतं आणि तास संपला की फळ्यासकट पुसलं जातं. प्रस्तावाची नस्ती उघडा: शोधनिबंध किती, चर्चासत्रं किती, समित्या किती. शिकवण्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून खुर्चीवरून उठा आणि त्या महाविद्यालयात जा. प्राचार्यांना भेटाल तर चहा मिळेल, माहिती मिळणार नाही. प्रयोगशाळा परिचराला भेटा, ग्रंथालयाच्या खिडकीवरच्या माणसाला भेटा आणि पहिल्या वर्षी नापास होऊन नंतर पास होऊन बाहेर पडलेला एखादा विद्यार्थी शोधा. "बाई कशा शिकवतात?" असं विचारू नका, उत्तर 'खूप छान' असंच येतं. "बाईंचा कुठला तास आठवतो?" असं विचारा. मग माणूस थांबतो, वर बघतो आणि बोलायला लागतो.

अशाच एका फेरीत, एका तालुक्याच्या गावच्या भौतिकशास्त्राच्या बाईंबद्दल परिचराने मला सांगितलं, की वाड्यावस्त्यांवरच्या मुलांची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते, म्हणून बाईंनी दुपारचं प्रात्यक्षिक सकाळी घेतलं आणि त्यासाठी स्वतः साडेसातला येऊन कुलूप काढू लागल्या. नऊ वर्षं. नस्तीत याचा उल्लेख नव्हता. बाईंना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती. मानपत्राचं पहिलं वाक्य एसटीचं केलं. आमच्या साहेबांनी मसुद्यावर लाल शेरा मारला, 'समारंभाच्या प्रतिष्ठेस साजेसे नाही.' मी कुलगुरूंपर्यंत गेले. वाक्य राहिलं. समारंभात टाळ्या त्याच वाक्याला पडल्या, तेही मागच्या रांगांमधून, जिथे पालक बसतात.

भाषा 'आपण'ची ठेवा. मानपत्र त्या व्यक्तीला उद्देशून असतं, सभेला तिच्याबद्दल सांगायला नव्हे. शेवटचं 'ही सन्मान्य पदवी प्रदान करण्यात येत आहे' हे ठरावातलं वाक्य मात्र जसंच्या तसं; तिथे हात लावायचा नाही. इंग्रजी प्रत लागणार असेल तर ती वेगळी लिहून घ्या. मराठीचं भाषांतर करू नका, उलटं तर मुळीच नको. १९४० मध्ये ऑक्सफर्डने शांतिनिकेतनात येऊन रवींद्रनाथांना डी.लिट. दिली, तेव्हा गौरवाचं भाषण लॅटिनमध्ये झालं आणि त्यांनी उत्तर संस्कृतात दिलं. प्रत्येकाने आपापल्या भाषेचा रुबाब राखला. पदवी घ्यायला येणं झेपणार नसेल तर विद्यापीठाने घरी जावं, याला यापेक्षा चांगला दाखला नाही. वयोवृद्ध पाहुण्यांच्या नस्तीत तो जोडत जा.

वाचनाची प्रत वेगळी काढा. मोठा टाइप, एका बाजूला छपाई, पानांना ठळक आकडे आणि टाचणी नाही. प्लास्टिकच्या पाकिटात तर कागद कधीच घालू नका. दिव्यांचा उजेड त्यावर चमकतो आणि मानपत्र वाचणारे अधिष्ठाता (डीन) भर सभेत कागद तिरका करत अक्षरं शोधत राहतात. मी हे पाहिलंय आणि पाकीट माझंच होतं. अवघड नावं जशी उच्चारायची तशी फोडून लिहा. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत ज्यांना वाचायचंय त्यांनाच उभं करा, त्यांच्या स्वीय सहायकाला नव्हे.

आणि छापताना साध्या कागदावर दोन प्रती जास्त काढा. एक नस्तीला. दुसरी तुमच्या पर्समध्ये, कारण कार्यक्रम संपल्यावर मांडवामागे कुणाची तरी आई किंवा भाऊ येऊन विचारतोच, "ते वाचलं तो कागद मिळेल का?" काचेच्या फ्रेममधलं मानपत्र त्यांच्या पिशवीत मावत नसतं आणि त्यांना गाडी पकडायची असते.