लेजर नॅनो पहिल्यांदा सेट करताय? मग आधी हे बघा

लेजर नॅनो म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टोची चावी (कॉइन्स खर्च करायचा गुप्त कोड) सांभाळणारं छोटं डिव्हाइस. ते लेजर कंपनीच्या साइटवरूनच मागवा, सेकंडहँड तर अजिबात नको. सेट करताना डिव्हाइस स्वतः २४ शब्द दाखवतं, तोच चावीचा बॅकअप. बॉक्समध्ये असे आधीच लिहिलेले शब्द किंवा सेट केलेला पिन सापडला ना, तर ते वापरूच नका, कारण ते शब्द ज्याने लिहिले त्याच्याकडेही तुमची चावी आहे. अ‍ॅपसुद्धा तिथूनच घ्या, गुगलच्या जाहिरातीवर क्लिक करून नाही.

पिन ४ ते ८ आकडी असतो, मी म्हणेन ८ च ठेवा. तीनदा चुकला की डिव्हाइस पुसलं जातं, पण घाबरू नका, २४ शब्द असले की सगळं परत येतं.

आणि खरा जीव त्या २४ शब्दांतच आहे. कॉइन्स डिव्हाइसमध्ये नसतातच, ते ब्लॉकचेनवर (इंटरनेटवरच्या सार्वजनिक हिशोबवहीत) असतात, चावी या शब्दांतून बनते, म्हणून कागदावर पेनाने, क्रमाने, नीट अक्षरात लिहा, फोटो काढायचा नाही, स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करायचं नाही, ड्राइव्ह नाही, काहीच नाही. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांचे घरचे पत्ते लीक झाले, नंतर काहींच्या घरी चक्क नकली डिव्हाइस पोस्टाने आले, शब्द टाका म्हणून! कोणीही मागितले तरी द्यायचे नाहीत.

आधी या वॉलेटवर थोडीच रक्कम पाठवा, डिव्हाइस रीसेट करा, शब्द टाकून बॅलन्स परत दिसतोय का बघा, मगच बाकीचे. कॉइन्स पाठवताना ते जिथे जाणार तो क्रिप्टो पत्ता डिव्हाइसच्या स्क्रीनवर पूर्ण वाचा, कॉम्प्युटरवरचा व्हायरस तो बदलू शकतो.