सातारा हिल हाफ मॅरेथॉन : घाट चढायची तयारी झाली, उतरायची?

जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी पहाटे पुण्याजवळच्या बोपदेव घाटात जाऊन बघा. रिमझिम पाऊस, रिफ्लेक्टर जॅकेट घातलेली मंडळी, घाटमाथ्यावर कुणाची तरी गाडी आणि तिच्या डिकीत केळी, इलेक्ट्रॉलचं पाणी, राजगिऱ्याचे लाडू. सगळे सातारच्या तयारीला आलेले. धापा टाकत वर पोहोचायचं, फोटो काढायचा, चहा घ्यायचा आणि गाडीत बसून खाली यायचं. का, विचारलं तर ठरलेलं उत्तर : "उतारावर गुडघे जातात हो."

सातारच्या बहुतेक तक्रारींची सुरुवात इथेच होते.

शर्यतीचा मार्ग आठवा. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच वाटेने परत. शहर साधारण ७०० मीटर उंचीवर, कासचं पठार १२०० च्या आसपास. शर्यत पठारापर्यंत जात नाही, पण खरा चढ सुरुवातीच्या घाटातच येऊन जातो. म्हणजे जितकं चढलात तितकंच उतरायचं, आणि तेही पाय दमल्यानंतर. वर माथ्यावर "आता काय, उतारच आहे" म्हणणारे लोक सोमवारी ऑफिसच्या जिन्यात कठडा धरून आडवे-आडवे उतरताना दिसतात.

उतार वाचवून गुडघे वाचत नाहीत

चढताना मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना त्याला ताण सोसत लांब व्हावं लागतं. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलायचं, ब्रेक लावायचा आणि त्याच वेळी ताणलंही जायचं. स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते ती या कामात. दम लागत नाही, नाडी चढत नाही, त्यामुळे आत काय चाललंय याचा त्या वेळी पत्ताही नसतो. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि साधारण २४ ते ७२ तासांत कळस गाठतं.

यातली सोयीची गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतो. एकदा बेतशीर उतार धावून मांड्या दुखल्या, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढी इजा होत नाही. ही लस फुकट आहे आणि लोक ती गाडीत बसून वाया घालवतात.

शर्यतीच्या सात-आठ आठवडे आधी सुरुवात करा. पहिल्यांदा सौम्य उतारावर दोनेक किलोमीटर, निवांत वेगाने. दुखेल. ते पूर्ण ओसरू द्या, मग पुढच्या आठवड्यात थोडं जास्त. पाच-सहा किलोमीटर सलग उतार सहज जमायला लागला की सातारच्या घाटाची भीती राहत नाही. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दहा ते चौदा दिवस आधी करा. शेवटच्या आठवड्यात "एकदा बघून येऊ" म्हणून यवतेश्वर उतरू नका, ती इजा घेऊनच स्टार्टला उभे राहाल.

मुंबईकर म्हणतील, आम्ही घाट कुठून आणायचा? बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीचा रस्ता आहे, नवी मुंबईत पारसिक हिल आहे. तेही जमत नसेल तर सोसायटीची इमारत आहेच. वर लिफ्टने जा, खाली जिन्याने उतरा. वॉचमन विचित्र नजरेने बघेल, तेवढं सोसा. जोडीला एका पायरीवर उभं राहून दुसरा पाय सावकाश खाली टेकवायचा व्यायाम, दोन्ही पायांनी, आठवड्यातून दोनदा. जिमच्या कुठल्याही मशीनपेक्षा हा जास्त कामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

उतारावर मागे रेलणं

भीती वाटली की माणूस मागे झुकतो, पाय पुढे टाकतो आणि टाचेवर आपटतो. मग प्रत्येक पाऊल म्हणजे एक ब्रेक. पाऊल शरीराच्या खाली पडेल इतकं छोटं ठेवा आणि पावलांची गती वाढवा. अंग घोट्यातून किंचित पुढे, हात सैल, नजर पायाशी नको, चार-पाच मीटर पुढे. वेग फार वाढतोय असं वाटलं तर पाऊल आणखी छोटं करा, टाच रोवू नका.

पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात आणि घाटाच्या कडेला शेवाळ असतं. वळणावर आतली बाजू पकडून अंतर वाचवायचा मोह होतो, पण पाणी वाहत असतं तेही नेमकं तिथेच. चार सेकंदांसाठी मनगट मोडून घेण्यात अर्थ नाही.

घड्याळाकडे बघत घाट चढणं

सपाटीवरच्या हाफ मॅरेथॉनचा पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, इथे आणायचा नाही, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ढोल-ताशाच्या गजरात, सातारकरांच्या टाळ्यांत सगळे विसरतात. आणि खरं सांगायचं तर ते लोक सकाळी सकाळी छत्री घेऊन ज्या उत्साहाने उभे असतात, तो बघून न विसरणं अवघडच आहे. पण घाट चढताना बघायचा तो पेस नव्हे, दम. शेजारच्याशी तुटक का होईना, एक वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चाला.

चालण्याची लाज बाळगणारे नवखे असतात. तीव्र वळणावर हातांना जोर देत झपझप चालणारा माणूस शेजारी कसाबसा पळणाऱ्याच्या बरोबरीने जातो आणि वर पोहोचल्यावर त्याच्याकडे पाय शिल्लक असतात. वळणावळणाच्या घाटात, त्यात ढग उतरलेले असताना, जीपीएसचा क्षणाक्षणाचा पेस तसाही भरवशाचा नसतो. घड्याळावर तो आकडा लपवून फक्त एकूण वेळ ठेवा.

कट-ऑफची, म्हणजे शर्यत संपवायच्या कमाल वेळेची, चिंता असेल तर हिशेब सोपा आहे : जाताना जास्त वेळ लागणार, येताना कमी. टर्नला पोहोचेपर्यंत अर्ध्याहून अधिक वेळ गेला म्हणून घाबरून उतारावर सुसाट सुटू नका. माथ्यावरचा भागही पूर्ण सपाट नाही, चढउतार चालूच असतात. ज्यांनी घाटात सगळं संपवलं त्यांची गाडी तिथे अडते.

श्रावण आणि गणपती

कुठल्याही आयत्या ट्रेनिंग प्लॅनमध्ये हा भाग नसतो. शर्यत ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुमाराला येते, म्हणजे तयारीचे कळीचे आठवडे श्रावणात आणि बऱ्याचदा गणपतीच्या धामधुमीत.

श्रावणी शनिवारचा उपास करून रविवारी पहाटे अठरा किलोमीटरचा लाँग रन, हे हमखास फसणारं गणित आहे. स्नायूंमधला साखरेचा साठा अर्धवट भरलेला असतो आणि बारा-तेरा किलोमीटरला पाय शिशाचे होतात. मग "माझी तयारीच होत नाहीये" असं वाटून लोक पुढच्या आठवड्यात अंतर वाढवतात, म्हणजे चूक दुप्पट. उपास मोडा असं कोण सांगणार? लाँग रन शुक्रवारी सकाळी घ्या, नाहीतर शनिवारी संध्याकाळी उपास सोडताना वरण-भात नीट पोटभर जेवा. नुसत्या एका वाटी साबुदाण्यावर दिवस काढून पहाटे घाटात जाऊ नका.

दुसरं, ढोल पथक. कमरेला ढोल बांधून दोन-तीन तास उभं राहून वाजवणं हा पाठीचा आणि पोटऱ्यांचा भरभक्कम व्यायाम आहे. तो डायरीत लिहा. सरावाच्या दुसऱ्या दिवशी इंटरव्हल, म्हणजे मध्ये मध्ये विश्रांती घेत जोरात धावण्याचे तुकडे, नको. विसर्जनाच्या रात्रीनंतरचा लाँग रन सरळ रद्द करा, अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. रात्री दोनला झोपून पाचला उठून धावलेला लाँग रन दुखापतीखेरीज फारसं काही देत नाही.

बूट, मोजे, नखं

नवे बूट शर्यतीत घालू नका हे सगळेच सांगतात, मीही सांगितलं. सातारला त्यापेक्षा जास्त लोकांना छळतं ते पायाचं बुटात पुढे सरकणं. उतारावर अंगठा पुढच्या टोकावर आपटत राहतो आणि दोन दिवसांत नख काळं पडतं. बुटाच्या लेससाठी सगळ्यात वर एक जादा भोक असतं, ते बहुतेकांनी कधीच वापरलेलं नसतं. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घेऊन छोटी फासकी करा, दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओवा आणि मग गाठ मारा. टाच जागेवर बसते. नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

सुती मोजे पावसात भिजले की फोड ठरलेला. नायलॉन-पॉलिस्टरचे पातळ मोजे घ्या. काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पुरुषांनी छातीला व्हॅसलीन. ओल्या टीशर्टने छाती रक्ताळलेले फिनिशरचे फोटो दरवर्षी फिरतात.

पाणी कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचा धोका

सप्टेंबरच्या गार, दमट हवेत घाम मुंबईच्या मानाने कमी जातो, तरी दर स्टॉलवर स्वयंसेवक प्रेमाने ग्लास पुढे करतात आणि लोक भिडेखातर पितात. तहान लागली की प्या, एवढं पुरतं. गरजेपेक्षा जास्त साधं पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम कमी आढळलं होतं, आणि धावताना वजन वाढलेल्यांमध्ये ते प्रमाण जास्त होतं. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ, बावचळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली की आणखी पाणी पाजू नका, थेट मेडिकल टेंटकडे न्या.

खाणं मात्र कमी पडतं. अडीच-तीन तास लागणार असतील तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. धावताना खायच्या एनर्जी जेलच्या एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. जेल, खजूर, चिक्की, काहीही चालेल, फक्त लाँग रनला आजमावलेलं हवं. शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला साताऱ्यात गेल्यावर मिसळ आणि कंदी पेढे यांवर ताव मारायचा असेल तर तो रविवार दुपारसाठी ठेवा.

आणि सगळ्यात घातक सवय : सुरू करण्याआधी "खबरदारी म्हणून" आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची वेदनाशामक गोळी. धावताना मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच कमी झालेलं असतं, ही गोळी ते आणखी घटवते. उताराने स्नायूंची झीज व्हायची असताना तर ती अजिबात नको.

नेमकं कुठे दुखतंय?

ग्रुपवर "गुडघा दुखतोय, काय करू" असा प्रश्न आला की वीस जण वीस तेलं सुचवतात. आधी बोट ठेवून जागा दाखवा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सपाटीवर ठीक पण उतारावर ठरावीक अंतरानंतर सुरू होणारी कळ ही बहुधा आयटी बँडची, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्याची. उतार काही दिवस बंद, पाऊल छोटं, आणि कुशीवर झोपून पाय वर उचलण्यासारखे नितंबांचे व्यायाम. वाटीच्या मागे किंवा भोवती, जिना उतरताना आणि सिनेमाला फार वेळ बसल्यावर दुखत असेल तर अंतर कमी करा आणि वर सांगितलेला पायरीचा व्यायाम दुखणार नाही इतपतच करा.

नडगीच्या कडेने लांबवर दुखणं वेगळं आणि हाडावर एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एका पायावर उडी मारली की कळ येत असेल तर धावणं त्याच दिवशी थांबवा. हा स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर खूश होऊन परत पळू नका. डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारा.

शर्यतीनंतरचा आठवडा

सोमवारी मांड्या दुखणार, त्याला इलाज नाही. हलकं चालणं, पोहणं, झोप. सुजलेल्या स्नायूंवर कोपराने जोरदार मालीश करून घेऊ नका. दुखणं पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत उतरायला हवं. ते वाढतच गेलं, मांडी कडक सुजली किंवा लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. स्नायू मोडून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकल्याचं ते लक्षण असतं.

जिना उतरताना दुखायचं थांबलं की धावायला सुरुवात करा, आधी नाही. पहिला आठवडा फक्त निवांत आणि सपाट, इंटरव्हल दोन आठवड्यांनी. बरेच जण सातारची टायमिंग बघून तापतात आणि मुंबई मॅरेथॉनचा प्लॅन त्याच आठवड्यात सुरू करतात. मुंबईची शर्यत जानेवारीत असते, म्हणजे चार महिने हातात आहेत. सोळा आठवड्यांचा प्लॅन सप्टेंबरअखेर सुरू केला तरी वेळेत बसतो. त्या प्लॅनमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी एक छोटा उतार ठेवा, कारण पेडर रोड परतीच्या वाटेवरही चढावा लागतो आणि उतरावाही.