सॅटेलाइटवरून समुद्रातला तेलाचा तवंग कसा मोजायचा

समुद्रात तेल सांडलंय हे ओळखणं वेगळं आणि किती सांडलंय ते मोजणं वेगळं. बहुतेक लोक पहिल्या कामाचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरतात आणि तिथेच आकडे फसतात, म्हणून आधी क्षेत्रफळ नीट काढू आणि मग लिटरकडे जाऊ.

सुरुवात सॅटेलाइटच्या रडारपासून करा, म्हणजे सार (एसएआर, सिंथेटिक अपर्चर रडार) पासून. ढग असो, रात्र असो, त्याला फरक पडत नाही. सेंटिनेल-१ या युरोपियन रडार सॅटेलाइटचा डेटा कोपर्निकस या युरोपच्या पृथ्वी-निरीक्षण कार्यक्रमाच्या साइटवर फुकट मिळतो, आयडब्ल्यू मोडमधलं (रुंद पट्टा टिपणारी पद्धत) जीआरडी प्रॉडक्ट (तयार केलेली इमेज) घ्या, पट्टा २५० किलोमीटर रुंद असतो आणि पिक्सेल १० मीटरचा. व्हीव्ही पोलरायझेशनच घ्यायचं (रडारची लहर उभी पाठवून उभीच पकडलेली), व्हीएचमध्ये (उभी पाठवून आडवी पकडलेली) समुद्राचा सिग्नल इतका कमी असतो की तवंग नॉइजमध्येच हरवतो.

हे चालतं कसं तर, वाऱ्याने पाण्यावर काही सेंटिमीटरच्या बारीक लाटा उठतात, त्यांच्यावरून रडारचा सिग्नल परत येतो, तेल त्या लाटा दाबून टाकतं आणि तेवढा भाग काळा दिसतो. म्हणजे रडारला तेल दिसत नाही, गुळगुळीत झालेलं पाणी दिसतं! हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

म्हणून इमेज उघडण्याआधी वारा बघा. ईआरए५ या जागतिक हवामान डेटासेटमध्ये तासातासाचा वारा मिळतो, पासच्या म्हणजे सॅटेलाइट वरून गेल्याच्या वेळेच्या जवळचा तास घ्या. साधारण ३ ते १० मीटर प्रति सेकंद असेल तर काम होईल, त्याच्या खाली समुद्र आपोआपच काळा पडतो आणि खूप जास्त असेल तर तेल लाटांमध्ये घुसळून जातं, पातळ तवंग दिसतही नाही.

आता स्नॅप, ईएसएचं (युरोपियन स्पेस एजन्सी) फुकट सॉफ्टवेअर. ऑर्बिट फाइल (सॅटेलाइटची नेमकी कक्षा) लावा, जमीन मास्क करा म्हणजे झाका, कॅलिब्रेशन करा, स्पेकल फिल्टर मारा (रडार इमेजमधले दाणे कमी करायला) आणि मग ऑइल स्पिल डिटेक्शनचं टूल चालवा. ते आजूबाजूच्या पाण्याच्या सरासरीपेक्षा ठराविक डेसिबलने काळे असलेले पिक्सेल पकडतं. ही सरासरी ज्या चौकोनात काढली जाते ती विंडो तवंगापेक्षा बरीच मोठी ठेवा नाहीतर सरासरीतच तवंग येतो आणि मधला भाग सुटतो, हे मोठ्या गळतीत हमखास होतं. शेवटी भौगोलिक करेक्शन करून यूटीएम प्रोजेक्शनमध्ये (मीटरमध्ये मोजणारा नकाशा) आणा, अंशांमधल्या पिक्सेलवरून क्षेत्रफळ काढू नका कारण अक्षांशाप्रमाणे पिक्सेलची रुंदी बदलते. १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे १०,००० पिक्सेल झाले की १ चौरस किलोमीटर.

पण टूलने पकडलेलं सगळं तेल नसतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. शैवालाचा नैसर्गिक थर, डोंगरामागची वाऱ्याची सावली, पावसाचे सेल, वारा पडलेले पट्टे, हे सगळं काळंच दिसतं. लांब, बारीक, एका टोकाला पांढरा ठिपका असलेली रेघ दिसली तर जहाजाचा संशय घ्या आणि एआयएसशी (जहाजं आपली जागा कळवतात ती यंत्रणा) वेळ जुळवा. कडा विरळ, पसरट आणि आजूबाजूला वारा २ मीटर प्रति सेकंदच्या आसपास असेल तर तो डाग सोडून द्या. त्याच भागातली सेंटिनेल-२ या साध्या कॅमेऱ्याच्या सॅटेलाइटची बिनढगाची इमेज मिळाली तर तीही बघा, सूर्याची चमक असलेल्या भागात तवंग उठून दिसतो.

आता लिटर. साध्या सार इमेजवरून जाडी भरवशाने कळत नाही, आणि जाडीशिवाय लिटर निघत नाहीत. त्यासाठी विमानातून ट्रेन्ड माणसाने पाहिलेला रंग लागतो, आणि बॉन अॅग्रीमेंटचा (उत्तर समुद्राच्या प्रदूषणाबाबतचा देशांमधला करार) रंगावरून तेलाचं प्रमाण सांगणारा तक्ता. चंदेरी तवंग ४० ते ३०० लिटर प्रति चौरस किलोमीटर, इंद्रधनुषी ३०० ते ५,०००, धातूसारखा ५,००० ते ५०,०००, तेलाचा खरा रंग तुटक दिसत असेल तर ५०,००० ते २,००,०००, आणि सलग खरा रंग त्याच्याही वर.

समजा तवंग ५ चौरस किलोमीटर, त्यातला ४ इंद्रधनुषी आणि १ धातूसारखा. पहिल्याचे १,२०० ते २०,००० लिटर, दुसऱ्याचे ५,००० ते ५०,०००, एकूण ६,२०० ते ७०,०००. बघा, पाचवा हिस्सा क्षेत्रफळ आणि बहुतेक तेल त्यातच. त्यामुळे जाड पट्टे कुठे आहेत ते शोधणं हे बाहेरची कड अचूक काढण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही टोकं द्या, मधला एक आकडा काढून देऊ नका.

तपकिरी-नारिंगी घट्ट मिश्रण दिसलं तर हा तक्ता लावू नका, त्यात अर्ध्याहून जास्त पाणी असू शकतं, तिथे नमुना घ्यावाच लागतो. आणि विमानाची वेळ सॅटेलाइटच्या पासपेक्षा वेगळी असेल तर तवंग मधल्या वेळेत सरकलेला असतो, अंदाजे प्रवाहाच्या पूर्ण वेगाने अधिक वाऱ्याच्या ३ टक्के, तेवढा सरकवून मगच रंगांचे भाग रडारच्या आकारावर बसवा.