नागपूरच्या उन्हात गाडीच्या लेदर सीट्स कशा सांभाळायच्या

सहा वर्षांपूर्वी आम्ही सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा तिच्या बेज रंगाच्या लेदर सीट्सवर माझा जीव जडला होता. पहिल्याच उन्हाळ्यात त्या कोरड्या, ताठ वाटायला लागल्या. आजोबा चामड्याच्या चपलांना तेल लावायचे ते आठवून मी सीट्सना खोबरेल तेल चोळलं. आठ दिवसांत ड्रायव्हरच्या सीटवर काळपट थर बसला आणि ह्यांच्या पांढऱ्या शर्टची पाठ तेलकट झाली. मला रडूच यायचं बाकी होतं. सीट कव्हर शिवणाऱ्या कारागिराला दाखवलं, तर तो सीटवर बोट फिरवून म्हणाला, "काहून तेल चोपडून राहिल्या ताई? हे चामडं तेल पीतच नाही ना!"

त्याचं खरं होतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत चामड्याला रंग देऊन त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवलेला असतो. लपलेल्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तसाच वर राहिला, तर थर आहे. मुरला आणि डाग गडद झाला, तर चामडं उघडं आहे. ते फार नाजूक, त्याला घरी हात न लावलेला बरा. पुष्कळ गाड्यांत बसायचा भाग तेवढा चामड्याचा आणि कडा, पाठ लेदरेटची, म्हणजे नकली चामड्याची असते. पुसायची रीत दोन्हींची एकच.

म्हणजे आपण जपायचा तो हा वरचा थर. त्याला धूळ खाते आणि ऊन तडकवतं. माझं माहेर कोराडीकडे, कोळशावरच्या वीज केंद्राच्या बाजूला. तिथे रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी टपावर राखेची बारीक भुकटी दिसते. काच उघडी राहिली तर तीच आत सीटवर बसते, आणि वर आपण बसून-उठून ती घासत राहतो. म्हणून ओलं फडकं फिरवण्याआधी व्हॅक्यूम, मऊ ब्रशचं तोंड लावून. शिवणी बोटांनी उघडून आतली धूळ ओढा. या कामात मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

उन्हाळ्यात मी सकाळी सहालाच, सावलीत सुरू करते. तापलेल्या सीटवर क्लीनर पुसायच्या आत वाळतो आणि डाग धरतो. लेदरसाठीचा सौम्य क्लीनर घ्या. अंगाचा किंवा भांड्यांचा साबण, काच पुसायचा फवारा, सॅनिटायझर, काही नको. फवारा सीटवर न मारता ब्रशवर मारायचा. छिद्रांच्या सीटवर तर नक्कीच, कारण पाणी छिद्रांतून फोममध्ये उतरतं, आणि आत वायरीही असतात. हातभर जागा घ्या, हलक्या हाताने गोल फिरवा, फेस मळकट झाला की लगेच ओल्या मायक्रोफायबरने टिपा, मग कोरड्याने. सासूबाईंच्या केसांचं तेल लागतं त्या हेडरेस्टला आणि चढता-उतरता घासल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या उजव्या कडेला दोनदा फिरवावं लागतं. शेवटी दारं उघडी ठेवून तासभर वाळू द्या.

त्यानंतर लेदर प्रोटेक्टंट, म्हणजे वरचा थर जपणारं द्रव्य, अगदी पातळ. वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. चकाकी आणणारं घेऊ नका. चिकट सीटवर धूळ पुन्हा बसते.

रविवारी कोरडं फडकं, तीन महिन्यांनी सगळी धुलाई, एवढं पुरतं.

डाग मात्र थांबत नाहीत. गाडीत तर्री-पोहे सांडले, तर आधी टिपा. घासलं की तेल आणि हळद शिवणीत जाते. सुती कपड्यावरची हळद आपण उन्हात घालून उडवतो, पण तेवढ्यासाठी सीट उन्हात तापवायची नाही. नव्या जीन्सचा निळा रंग त्याच आठवड्यात निघतो, पुढे हटत नाही. बॉलपेनच्या रेघेवर स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावाल, तर शाईबरोबर सीटचा रंगही निघेल.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बंद गाडी आत त्याहून कितीतरी तापते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मी पाच मिनिटांसाठीही समोरच्या काचेला चकचकीत पडदा, चकचकीत बाजू बाहेर, लावल्याशिवाय गाडी सोडत नाही. सीताबर्डीच्या बाजारात सावली मिळाली नाही, तर दूर लावून चालत जाते.

जूनमध्ये पाऊस लागला की उलटी काळजी. ओले पायपुसणे आत राहिले, तर सीटच्या खालच्या कडेला पांढरी बुरशी येते. ते काढून वाळवा, आणि पावसाने उसंत दिली की चारही दारं उघडून गाडीला वारा लागू द्या. बुरशी दिसलीच तर मास्क बांधून, क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

कव्हर चढवणार असाल, तर आधी सीटच्या बाजूला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे का ते बघा. असेल, तर त्या शिवणीवर घट्ट कव्हर चालत नाही. मी कव्हर घातलंच नाही. त्या सीट्ससाठीच तर गाडी घेतली होती.