घोड्यामागे बेलर: फोरकार्ट जोडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना यंत्रच चालत नाही, हा सगळ्यात मोठा गैरसमज. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत चाऱ्याच्या हंगामात लसूणघासाच्या शेतात खेचरांची जोडी पुढे, मागे धडधडणारं इंजिन आणि त्यामागे चौकोनी गठ्ठे बांधत चाललेला बेलर हे रोजचं दृश्य आहे. ट्रॅक्टरला त्यांच्या चर्चने १९२० च्या दशकातच शेताबाहेर ठेवलं. गोठ्यापाशी उभा राहून पट्ट्यावर चाराकुट्टी सायलोत फुंकायला तो चालतो, नांगराला मात्र नाही. मग ट्रॅक्टरसाठी बनलेली अवजारं जनावरांना जोडायची कशी? यातून आला फोरकार्ट: दोन चाकं, वर बसायला सीट, पुढे दांडी, मागे हूक आणि लागलं तर एक इंजिन.

दिसायला हे इतकं सोपं दिसतं की व्हिडिओ बघून कोणीही वेल्डर म्हणेल, आठवड्यात बनवून देतो. बनवेलही. बिघाड सुरू होतात ते शेतात उतरल्यावर, आणि जवळपास सगळ्यांचं मूळ एकच असतं. ट्रॅक्टर एका वेळी तीन कामं करतो: ओढतो, अवजार फिरवतो आणि आपल्या वजनाने त्याचे हिसके पचवतो. घोड्याकडे ठेवायचं ते फक्त ओढायचं काम. फिरवायचं इंजिनाकडे गेलं. पण हिसके कोण पचवणार, हे ठरवायचं राहून जातं आणि ते शेवटी घोड्याच्या खांद्यावर जातात.

रिकामी गाडी तोलून बघणं

सर्वांत जास्त होणारी चूक ही. गाडी तयार झाली की लोक दांडीचं टोक उचलून बघतात, हलकं लागलं की खूश होतात. पण इंजिन कुठे बसवलंय, हाकणारा कुठे बसतो आणि मागे कोणतं अवजार लागलंय यावर तोल पूर्ण बदलतो. इंजिन आसाच्या पुढे गेलं तर सगळा भार दांडीवरून घोड्यांच्या मानेवर. उलट बेलरच्या स्वतःच्या दांडीचा भार फोरकार्टच्या मागच्या हुकावर येतो, म्हणजे आसाच्या मागे, आणि गाडी उलाळ होते. बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना उलाळ गाडी काय छळते हे सांगायला नको. दांडी वर उचलली जाते, पोटाखालचा पट्टा घोड्याला कापत राहतो.

म्हणून तोल बघायचा तो अवजार जोडून, टाकी भरून आणि सीटवर माणूस बसवून. दांडीचं टोक एका हाताने उचलता यावं, पण सोडलं की खाली यावं, इतपतच भार हवा. तेवढा जमत नसेल तर इंजिन पुढेमागे सरकवता येईल अशी बैठक ठेवा. कायमचं वेल्डिंग शेवटी करा. डी-रिंग हार्नेसमध्ये दांडीचा भार मानेऐवजी पाठीवरच्या गादीवर जातो, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. मला विचाराल तर ती चूक खपवण्यासाठी हार्नेस बदलू नका, आधी गाडी दुरुस्त करा.

ओढीची रेषा

एक भरदार बेल्जियन घोडा आठ-नऊशे किलोंचा असतो. दिवसभर सलग ओढायचं असेल तर वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोंची ओढ तो तासाला चार किलोमीटरच्या चालीने देतो. हिशोब केला तर एक-सव्वा अश्वशक्ती. क्षणभर तो याच्या कितीतरी पट देऊ शकतो, पण त्या भरवशावर यंत्र निवडायचं नसतं.

ही ओढ वाया न जाता पोचायची तर कॉलरपासून, म्हणजे घोड्याच्या गळ्यातल्या ओढीच्या गादीपासून, अवजाराच्या भारापर्यंतची रेषा सरळ हवी, आणि ओढीचा पट्टा खांद्याच्या उताराशी काटकोनात यायला हवा. फोरकार्टचा हूक घाईत खाली बसवला की पट्टे खाली खेचतात, कॉलर मानेच्या वरच्या बाजूला दाबते आणि तिथे जखम होते. हूक फार वर गेला तर कॉलर वर सरकून श्वासनलिकेवर येते. घोडा धापा टाकतो आणि आपण म्हणतो, आळशी आहे. जखम कुठे झाली यावरून चूक कुठे आहे ते कळतं. कॉलर स्वतः बरोबर मापाची आहे ना, तेही बघा: गळ्यापाशी हाताचा पंजा सपाट आत जायला हवा. हंगामात घोडा वाळतो, त्यामुळे वसंतात बरोबर बसलेली कॉलर जुलैत सैल पडते.

तीन घोडे लावताना आणखी एक गंमत होते. दोघं एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल तर ओढ वाटणाऱ्या आडव्या पट्टीचं भोक मधोमध पाडून चालत नाही. एकट्याची बाजू दुप्पट लांब हवी. भोक मधोमध पडलं की एकटा घोडा दोघांइतकं ओढतो आणि दुपारपर्यंत बसतो. चारपैकी एखादं जनावर तरुण किंवा कमजोर असेल तर त्याला मुद्दाम लांब बाजू द्यायची, हेही याच पट्टीवर होतं.

चाकांकडून नको ते मागणं

काही फोरकार्टना इंजिन नसतं. चाकं फिरली की गिअरबॉक्समधून पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा, फिरतो. इंधन नाही, आवाज नाही, त्यामुळे पहिल्यांदा हेच आवडतं. पण इथे फिरवायची ताकदही घोड्यांच्या ओढीतूनच निघते. चार घोड्यांची मिळून पाचेक अश्वशक्ती आणि साध्या चौकोनी बेलरला पीटीओवर तीस-पस्तीस लागते. हे गणित जमत नाही, कितीही चांगला गिअरबॉक्स आणला तरी. वाळत घातलेलं गवत उलटणारं यंत्र, गवताच्या ओळी करणारा रेक, शेणखत पसरवणारी गाडी, पट्टीचं गवत कापणी यंत्र, इथपर्यंत चाकांची ताकद पुरते. बेलर, डिस्क मोअर, कुट्टी यंत्र यांना इंजिनच हवं.

गवत कापताना चाक फिरायच्या ऐवजी घसरतंय, मागे ओरखड्याची रेघ उठतेय, तर लगेच चाकावर आणखी कड्या ठोकायला जाऊ नका. आधी पाती बघा. बोथट पात्याला धारदार पात्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते आणि दोष मात्र चाकावर जातो.

मॅककॉर्मिक-डीअरिंगचं नंबर ९ हे १९४० च्या दशकातलं घोड्याचं कापणी यंत्र आजही आमिश शेतांत दुरुस्त होऊन चालतं, कारण त्याचे गिअर तेलात बुडालेले, बंद पेटीत आहेत. ते घेतलं की दोन गोष्टी तपासा. कापणीच्या पट्टीचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा थोडं पुढे असायला हवं, पाच फुटी पट्टीला साधारण सव्वा इंच. गवतात शिरल्यावर भाराने ती मागे ओढली जाते आणि तेव्हा कुठे सरळ होते. जुन्या यंत्रात सांधे झिजून हे टोक मागे पडलेलं असतं. मग पाती मागेपुढे हलवणारा दांडा तिरका ढकलतो, तुटतो, आणि लोक दांडा पुन्हा पुन्हा बदलत बसतात. दुसरं, पात्याची फेरी संपते तिथे प्रत्येक पातं आपल्या बोटाच्या (पट्टीवरच्या पुढे आलेल्या टोकदार लोखंडी दात्याच्या) बरोबर मध्यावर थांबलं पाहिजे. तसं थांबलं नाही तर गवत कापलं न जाता चावलं जातं.

गवत अडकलं तर घोड्यांना पुढे मारून काढायचा प्रयत्न करू नका. पाऊलभर मागे घ्या, पाती मोकळी करा आणि उभ्या गवतात शिरण्याआधी ती पुरत्या वेगात आहेत हे बघून पुढे चला. हाताने मोकळं करायचं असेल तर आधी यंत्र गिअरमधून काढा. घोडा माशीमुळे एक पाऊल जरी हलला तरी चाकं फिरतात आणि पातीही.

पीटीओ शाफ्ट आणि घोड्यांचं वळण

ट्रॅक्टरमध्ये ५४० फेऱ्यांच्या पीटीओच्या टोकापासून हुकाच्या खिळीपर्यंतचं अंतर १४ इंच ठरलेलं असतं. अवजार बनवणाऱ्याने शाफ्टची लांबी तेच धरून ठरवलेली असते. घरी बनवलेल्या फोरकार्टमध्ये हूक जागा मिळेल तिथे लागतो. सरळ चालताना काहीच कळत नाही. पण घोडे ट्रॅक्टरपेक्षा फार आखूड वळतात, जवळजवळ जागच्या जागी. त्या वळणात शाफ्टची एक नळी दुसरीत पूर्ण घुसून ठोकर खाते किंवा निसटून बाहेर येते. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस सारखे जात असतील तर ग्रीसला दोष देण्याआधी टेप घेऊन हे अंतर मोजा. वळताना क्लच सोडून पीटीओ थांबवायची सवय घोड्यांच्या कामात ट्रॅक्टरपेक्षा जास्त गरजेची आहे. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर त्या दिवशी काम नाही. लगाम धरणारा माणूस शाफ्टपासून हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

लँकेस्टरकडे बरेच जण ही भानगडच ठेवत नाहीत, इंजिन थेट बेलरच्या सांगाड्यावर बसवतात. एकच यंत्र चालवायचं असेल तर हे जास्त शहाणपणाचं. तीन-चार अवजारं एकाच इंजिनावर फिरवायची असतील तरच इंजिनवाल्या फोरकार्टचा खर्च वसूल होतो.

बेलरचे हिसके

बेलरचा प्लंजर मिनिटाला साधारण ऐंशी वेळा गवत ठोकतो. जड ट्रॅक्टरला त्याचं काही वाटत नाही. हलक्या फोरकार्टला प्रत्येक ठोक्याला मागेपुढे झोका बसतो आणि तो पट्ट्यांतून कॉलरपर्यंत जातो. हुकाच्या भोकात खिळ ढिली असेल तर हाच झोका हातोड्यासारखा लागतो. आधी खिळ घट्ट करा, मग बेलरच्या आतली सुरी धार लावून नीट जुळवा. तरीही हिसके राहिले तर गवताच्या ओळी बघा. घोड्यांची चाल साधारण ठरलेली असते, गिअर बदलून ती कमी-जास्त करता येत नाही. बेलरला किती गवत जातंय हे म्हणून रेक करतानाच ठरतं, आणि ओळ जाड-बारीक झाली की बेलर कधी उपाशी चालतो, कधी तुंबतो. तुंबला तर घोडे उभे करा, इंजिन चालू ठेवा, ते आपलं आपण मोकळं करेल. इंजिन वेगळं ठेवण्याचा खरा फायदा हाच. हात घालायची वेळ आली तर मात्र इंजिन बंद.

शिअर बोल्ट, म्हणजे जादा भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट, तुटतो म्हणून कडक बोल्ट घालणारे सगळीकडे भेटतात. पुढच्या वेळी बोल्ट नाही, फ्लायव्हील किंवा गठ्ठ्याला दोरी घालणाऱ्या सुया जातात.

इंजिन थकत नाही, यातूनही एक चूक होते. जुलैच्या दमट उन्हात ते एका सुरात चालत राहतं आणि हाकणाऱ्याला वाटतं, काम छान चाललंय. घोड्याच्या बरगड्यांकडे बघा. ओळीच्या टोकाला सावली असेल तर थांबा, दुपारी जोडी बदला. धुराची नळी पुढे रोखलेली नको, आणि नव्या जनावराला इंजिनाची सवय गोठ्यापाशी, नुसतं चालू ठेवून करा.

आधी विचारा, मग विकत घ्या

आमिशांच्या प्रत्येक चर्च-विभागाचे नियम वेगळे. एका ठिकाणी इंजिनवाला फोरकार्ट चालतो, दहा मैलांवर नाही. हवेचे टायर बहुतेक जुन्या विचारांच्या विभागांत बंद, लोखंडी चाकावर रबराची पट्टी काही ठिकाणी चालते. वाद लहान नसतात. १९६६ साली लँकेस्टरमध्ये काही कुटुंबं वेगळी झाली त्यात शेतीची यंत्रं हा मोठा मुद्दा होता. लोखंडी चाकांचा ट्रॅक्टर दिसला तर मात्र तो बहुधा जुन्या वळणाच्या मेनोनाइट या आमिशांच्या जवळच्या पंथातल्या शेतकऱ्याचा, आमिशाचा नव्हे. यंत्र प्रत्यक्ष चालताना बघायचं असेल तर जुलैच्या सुरुवातीला भरणारा हॉर्स प्रोग्रेस डेज हा मेळावा आहे, १९९४ पासून. तिथे कारखानदार आपली अवजारं घोड्यांना जुंपून शेतात चालवून दाखवतात.

बैलांसाठी नक्कल करायची असेल तर

हे बघून बैलांमागे फोरकार्ट लावायचा विचार महाराष्ट्रात कोणाच्या मनात आला तर तीन फरक लक्षात ठेवा. बैल कॉलरने नाही, जुवाने ओढतो, त्यामुळे दांडीचा जादा भार थेट खांद्यावर जातो; पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून तो भरून निघत नाही. बैलाची चाल घोड्यापेक्षा संथ, म्हणून घोड्यासाठी बनवलेला चाकांचा पीटीओ ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचणार नाही, गिअरचं प्रमाण वेगळं हवं. आणि आपल्याकडची बैलजोडी त्या बेल्जियन जोडीच्या निम्म्या वजनाच्या आसपास असते, त्यामुळे ओढही तेवढीच धरायची. सुरुवात हलक्या इंजिनाच्या फवारणी पंपाने करा, बेलरने नको.