धावण्याचे बूट घेताना आतलं इनसोल काढून बघा

दुकानात चार पावलं चालून बरा वाटलेला बूट पुढे अंगठ्याचं नख काळं करतो, कारण धावताना पाऊल फुगतं आणि उतारावर पुढे सरकतं.

बूट घालण्याआधी आतलं इनसोल, म्हणजे तळव्याखालची पातळ गादी, काढून जमिनीवर ठेवा (चिकटवलेलं असेल तर ओढू नका) आणि टाच मागच्या कडेला जुळवून त्यावर सरळ उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा उरायला हवी. ते बोट दरवेळी अंगठाच असतं असं नाही. करंगळीकडची बाजू कडेबाहेर जात असेल तर नंबर वाढवू नका, त्याच नंबरात रुंद पंजाचा बूट मागा. नुसता नंबर वाढवला की टाच निसटते आणि मागे फोड येतो.

१. संध्याकाळी जा, धावताना घालता तेच मोजे न्या.
२. दोन्ही पावलं तपासा, मोठ्या पावलाचा नंबर घ्या.
३. टाच जराशी उचलली जात असेल तर नाडी सगळ्यात वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या भोकातून ओवून पुन्हा बघा.

‘वापरून सैल होईल’ या भरवशावर घट्ट बूट मात्र अजिबात घेऊ नका. वरची जाळी थोडी सैलावते, लांबी वाढत नाही.